एंजिनाचा ठोका

चढाला लागलेली जुनी मालमोटार एकाएकीं ठकठक वाजूं लागली, कीं चालकाच्या मनांत पहिला विचार येतो तो आवाजाचा नव्हे, खर्चाचा. बॉनेटखालून येणारा हा नाद धातूवर धातू आपटल्यासारखा असतो, एंजिनाच्या वेगाबरोबर तो वाढतो व कमी होतो, आणि सामान्य कानाला तो एकच आवाज वाटतो. परंतु जाणत्या मिस्त्र्याला विचारावें, तर तो सांगेल कीं येथें कमीत कमी तीन निरनिराळीं दुखणीं एकाच सुरांत कण्हत असतात, आणि त्यांतलें कोणतें कण्हणें कोणाचें हें ओळखतां आलें नाहीं, तर गाडी कदाचित् वांचेल, पण गाडीचा धनी खचित बुडेल.

पहिलें दुखणें सांध्याचें. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, आणि खालचा वांकडा दांडा, म्हणजे क्रँक, यांना जोडणाऱ्या दांडीच्या टोंकाशीं मऊ धातूचें बेअरिंग असतें. तें झिजलें म्हणजे दांडी प्रत्येक फेऱ्याला सैल जागेंत आपटते. हा ठोका जड, खोल आणि बद्द असतो. दुसरें दुखणें म्हाताऱ्या दट्ट्याचें. नळकांड्यांत तो ढिला झाला म्हणजे बाजूच्या भिंतीवर थडकतो. पण एंजिन तापून धातू फुगला कीं हा आवाज आपोआप मावळतो, पहांटे खोकणारा आजोबा ऊन वर आल्यावर गप्प बसावा तसा. तिसरा आवाज मात्र पातळ, तीक्ष्ण, पत्र्यावर चणे ओतल्यासारखा. भार असतां आणि गति थोडी असतां तो येतो, व ठिणगी पडण्याची वेळ किंचित् मागें ओढली कीं नाहींसा होतो. पहिल्या दुखण्याला दोन दिवसांची मजुरी लागते. दुसऱ्याकडे कांहीं काळ काणाडोळा करतां येतो. तिसऱ्यांत काय कशावर आपटतें, हें मोटारीच्या पहिल्या वीस वर्षांत बहुतेक पंडितांनाही नक्की सांगतां येत नव्हतें. खरी गोष्ट अशी कीं त्यांत कांहींच कशावर आपटत नाहीं. हा उलगडा कसा झाला, आणि त्या उलगड्याची किंमत जगाला काय पडली, ही कथा मोठी विलक्षण आहे.

एंजिनाचीं दुखणीं सामान्य माणसाच्या अंगणांत आणून सोडण्याचें श्रेय, किंवा दोष, हेन्री फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’ या गाडीकडे जातो. ही गाडी १९०८ सालीं निघाली व १९२७ सालीं बंद झाली. तेवढ्या अवधींत तिच्या दीड कोटीहून अधिक प्रती जगांत फिरूं लागल्या. तिचें एंजिन चार नळकांड्यांचें, वीस घोड्यांच्या शक्तीचें. अमेरिकेंतील शेतकऱ्यानें ही गाडी घ्यावी, कांहीं वर्षें तींतून बायकामुलांना देवळांत न्यावें, आणि मग करवतीनें तिची मागची बैठक कापून तेथें लांकडी पेटी ठोकावी, अशी वहिवाटच पडली होती. ही करवत पाहून कंपनी शहाणी झाली. १९२५ सालच्या एप्रिलांत तिनें कारखान्यांतच पोलादी पेटी बसविलेली गाडी विकावयास काढली. किंमत २८१ डॉलर. अमेरिकेंत ज्याला ‘पिकअप’ म्हणतात त्या वाहनाच्या घराण्यांतील फोर्डची ही पहिली औरस संतति.

या गाडीला चालक म्हणून शिकलेला मनुष्य मिळत नसे. तिला मिळे तो शेतकरी, आणि तोच तिचा वैद्य. गावांत गॅरेज असलेंच तर वीस मैलांवर. म्हणून रोगपरीक्षेच्या ज्या रीती तेव्हां रूढ झाल्या त्या हात, कान आणि नाक एवढ्याच उपकरणांच्या आहेत, आणि त्यांतील चतुराई आजही मानण्यासारखी आहे. उदाहरणार्थ, एंजिन लंगडत चाललें, म्हणजे चारांपैकीं एक नळकांडें काम करीत नाहीं हें उघड, पण कोणतें? मॉडेल टी गाडींत चालकासमोर एक लांकडी पेटी असे व तींत चार वेटोळीं, म्हणजे कॉइल्स. प्रत्येक कॉइलच्या डोक्यावर एक बारीक पोलादी पट्टी मधमाशीसारखी गुणगुणत असे. शेतकरी एकेक पट्टी बोटानें दाबून धरी. ती दाबली कीं त्या नळकांड्यांतील ठिणगी बंद. एंजिनाची चाल आणखी बिघडली, तर तें नळकांडें निरोगी होतें. चालींत कांहींच फरक पडला नाहीं, तर गुन्हेगार सांपडला. मग ती कॉइल काढून शेजारच्या घरांत बसवावयाची. दुखणें कॉइलबरोबर शेजारीं गेलें, तर दोष कॉइलचा. दुखणें आपल्या जागींच राहिलें, तर स्पार्क प्लगचा किंवा झडपेचा. शेवटीं एंजिन बंद करून पुढचा हँडल हातानें सावकाश फिरवावयाचा. प्रत्येक नळकांड्याची दाब धरण्याची पाळी आली कीं हाताला अटकाव जाणवतो. एका पाळीला हात सहज सुटला, तर तेथील झडप नीट बसत नाहीं किंवा दट्ट्याचीं कडीं झिजलीं आहेत असें समजावें. तर्कशास्त्राच्या वर्गांत अन्वय आणि व्यतिरेक शिकवितात, ते हेच. फक्त येथें हात तेलकट होतात.

कांहीं दुखणीं दुखणींच नसत. या गाडीला पेट्रोलचा पंप नव्हता. टाकी चालकाच्या बैठकीखालीं, आणि तेथून पेट्रोल आपल्या वजनानेंच पुढें वाहत जाई. टाकींत थोडेंच पेट्रोल असलें आणि चढ उभा आला, कीं कार्ब्युरेटर टाकीपेक्षां उंच होई व एंजिन मुकाट्यानें मरे. नवखा चालक ठिणगी तपाशी, प्लग पुशी, देवाचें नांव घेई. अनुभवी चालक गाडी वळवी आणि उलट्या गतीनें पाठमोरा चढ चढून जाई.

तेलाची गोष्ट इतकी हंसण्यासारखी नव्हती. तेलाचा कांटा नाहीं, पंप नाहीं. चक्राच्या शिंतोड्यांनीं जें तेल उडेल त्यावर सर्व सांध्यांची भिस्त. तेल आहे कीं नाहीं हें पाहावयाला गाडीखालीं शिरून दोन लहान तोट्या उघडाव्या लागत: वरच्या तोटींतून थेंब पडला तर भरपूर, खालच्या तोटींतूनही न पडला तर प्राणसंकट. लांब चढावर तर तेल मागें सरकून पुढचे सांधे कोरडे पडत. बेअरिंगचा मऊ धातू, ज्याला मिस्त्रीमंडळी बॅबिट म्हणतात, तो कथील, तांबें आणि अँटिमनी यांचा मिश्र धातू. कोरडा पडला कीं तो प्रथम पुसला जातो आणि मग वितळतो. ठोका ऐकूं आला आणि तो सांध्याचाच आहे असें ठरवावयाचें असलें, तर लांकडी मुठीच्या पेंचकसानें एकेका प्लगची वीज बाहेरून लोखंडाला जोडावयाची. त्या नळकांड्यांतील स्फोट थांबला कीं त्याच्या दांडीवरचा भार उतरतो, आणि ठोका तेथलाच असेल तर तो हलका पडतो. नंतर खालचें पात्र सोडून, बेअरिंगच्या टोपीखालच्या पितळी चकत्यांपैकीं एक काढून, टोपी पुन्हां आवळावयाची. असें दोनचार वेळां करतां येई. पुढें चकत्या संपत.

या चकत्या संपण्यावर हजारों कुटुंबांचें दैव अवलंबून असल्याचा एक काळ होऊन गेला. १९३० नंतरच्या दशकांत ओक्लाहोमा व आसपासच्या प्रांतांत मंदी, अवर्षण आणि धुळीचीं वादळें एकदम कोसळलीं. शेतें गेलीं, आणि लोक गाद्या, भांडीं, म्हातारीं माणसें मालमोटारींवर लादून कॅलिफोर्नियाकडे निघाले. रस्ता बहुतेकांचा एकच, ‘सहासष्ट’ क्रमांकाचा, हजार मैलांवर लांब, वाळवंटांतून व डोंगरांतून जाणारा. वाहनें म्हणाल तर दहादहा वर्षांचीं जुनीं, मोडीच्या दुकानांतून घेतलेलीं किंवा घरच्याच मोटारीची पाठ कापून बनविलेलीं. जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९ सालच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ या कादंबरींतील कुटुंबाची गाडीही अशीच पाठ कापलेली हडसन मोटार आहे, आणि त्यांच्या सोबतच्या दुसऱ्या गाडीचें बेअरिंग वाटेंत जातें, तेव्हां कुटुंबानें थांबावें कीं दोन वाटा व्हाव्या हा प्रश्न उभा राहतो. कादंबरीकारानें दांडीच्या बेअरिंगचें एवढें सविस्तर वर्णन कां केलें याचें नवल साहित्याच्या टीकाकारांना वाटेल. ज्यानें रात्रीच्या वेळीं परक्या रस्त्यावर तो जड ठोका ऐकला आहे त्याला वाटणार नाहीं.

पण सांध्याच्या ठोक्याला निदान औषध तरी ठाऊक होतें. तिसऱ्या, तीक्ष्ण ठोक्याची हकीकत यापूर्वीं, ओहायो प्रांतांतील डेटन या गांवीं, सुरू झाली होती. तेथें चार्ल्स केटरिंग नांवाचा कल्पक एंजिनिअर होता. मोटार हँडल न मारतां विजेनें सुरू करण्याची युक्ति त्याचीच. ती १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत प्रथम आली. त्यापूर्वीं त्यानें त्याच कंपनीला बॅटरीवर चालणारी ठिणगीची योजना करून दिली होती. पुढें एंजिनें जोरकस होत चाललीं, तसा त्यांतून तीक्ष्ण ठोका अधिक ऐकूं येऊं लागला, आणि लोकांनीं बोट दाखविलें तें केटरिंगच्या बॅटरीकडे. पूर्वी मॅग्नेटो होता तेव्हां हें नव्हतें, आतां बॅटरी आली आणि हें आलें. म्हणून बॅटरीमुळें आलें. कावळा बसला आणि फांदी मोडली, या न्यायाचें इतकें स्वच्छ उदाहरण क्वचितच सांपडेल. केटरिंगला हा आरोप झोंबला. शिवाय त्याच्या कारखान्यांत खेड्यांतील घरांसाठीं रॉकेलवर चालणारीं लहान वीजयंत्रें होत असत, आणि रॉकेल घातलें कीं तीं भयंकर वाजत. एंजिन तेंच, ठिणगी तीच, फक्त तेल बदललें तर आवाज कां बदलावा, हा प्रश्न ज्याला पडला त्याला अर्धें उत्तर मिळालेंच होतें.

१९१६ सालीं थॉमस मिज्ली नांवाचा सत्तावीस वर्षांचा तरुण त्याच्याकडे नोकरीस आला व हें काम त्याच्या गळ्यांत पडलें. मिज्ली शिक्षणानें यंत्रशास्त्रज्ञ. रसायनशास्त्र त्याला फारसें येत नव्हतें. त्यानें प्रथम नळकांड्यांतील दाबाची क्षणोक्षणींची रेघ काढण्याचें साधन तयार केलें. तोंपर्यंत बहुतेकांची समजूत अशी कीं, नळकांड्यांतील तापलेल्या काजळीमुळें मिश्रण ठिणगीच्या आधींच पेट घेतें आणि वर येणाऱ्या दट्ट्याला मार बसतो. रेघेनें वेगळीच साक्ष दिली. दाबाचा तो सुळका ठिणगीच्या आधीं नव्हता. ठिणगी पडून, ज्वाला पसरूं लागून, कांहीं वेळ गेल्यावर तो उठत होता. म्हणजे अकालीं पेटणें हा एक रोग आणि हा ठोका हा दुसरा. इंग्लंडांत हॅरी रिकार्डो हा एंजिनिअरही स्वतंत्रपणें याच मार्गावर होता, व दोष यंत्रांत नसून इंधनांत आहे, असाच त्याचाही निष्कर्ष होता.

रोग आतां नीट दिसला तो असा. ठिणगीजवळ पेटलेली ज्वाला पुढें सरकतांना आपल्यापुढच्या न जळलेल्या वायूला दाबीत व तापवीत जाते. इंधन हलकें असलें, किंवा एंजिनाचा दाब फार असला, तर कोपऱ्यांत कोंडलेला हा शेवटचा वायू ज्वालेची वाट न पाहतां एकदम, सगळाच्या सगळा, आपणहून पेटतो. त्या धक्क्यानें दाबाच्या लाटा नळकांड्याच्या भिंतींवर सेकंदाला सहासात हजार वेळां आदळतात आणि ओतीव लोखंड घंटेसारखें वाजतें. मिस्त्र्याला ऐकूं येतो तो ठोका म्हणजे हा घंटानाद. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेनें पुढें नळकांड्याच्या डोक्यावर पारदर्शक खिडकी बसवून हा प्रकार अतिवेगवान् छायाचित्रांत पकडला. १९३६ सालीं तीं चित्रें लोकांपुढें आलीं. जुनी गाडी नव्यापेक्षां अधिक कां वाजते याचेंही कारण येथेंच आहे. वर्षानुवर्षें साचलेली काजळी आंतली जागा कमी करते, म्हणून दाब वाढतो. आणि ती उष्णता धरून ठेवते. म्हणून डोकें उघडून काजळी खरवडणें हा जुन्या मिस्त्र्यांचा उपाय मूळ कारण न कळतांही बरोबर होता.

मिज्लीचा औषधाचा शोध मात्र एका सुंदर चुकीवर उभा राहिला. अमेरिकेंत बर्फ वितळण्याच्या आधींच फुलणारी एक रानवेल आहे. तिच्या पानांचा पाठीकडचा रंग तांबूस. केटरिंगनें व त्यानें मिळून असा तर्क बांधला कीं लाल रंग उष्णता शोषीत असावा, म्हणून वेल लवकर फुलते. तर रॉकेलला लाल रंग दिला तर त्याची वाफ लवकर होऊन ठोका थांबेल. १९१६ सालच्या डिसेंबरांत मिज्ली प्रयोगशाळेच्या भांडारांत लाल रंग मागावयास गेला. तेलांत विरघळणारा रंग नव्हता, आयोडीन होतें. तें घातलें आणि ठोका थांबला! नंतर त्यानें खरेखुरे लाल रंग आणवून घातले. एकाचाही उपयोग झाला नाहीं. मग आयोडीनचें रंगहीन संयुग घातलें. ठोका पुन्हां थांबला. वेल गेली, लाली गेली, पण एवढें सिद्ध झालें कीं इंधनांत चिमूटभर कांहीं मिसळून एंजिनाचा स्वभाव पालटतां येतो. चुकीच्या तर्कानें योग्य दारापाशीं पोंचल्यावर तर्क टाकून द्यावयाचा आणि दार उघडावयाचें, एवढें धैर्य मिज्लीजवळ होतें.

पुढचीं पांच वर्षें घाणीचीं गेलीं, हें अक्षरशः खरें आहे. आयोडीन महाग व धातूला खाणारें. अनिलीन चांगलें, पण त्याचा धूर दुर्गंधी. सेलेनियम आणि टेल्युरियम यांचीं संयुगें त्याहून गुणकारी. परंतु टेल्युरियमचा लसणीसारखा वास शास्त्रज्ञांच्या अंगाला आणि कपड्यांना असा चिकटला कीं आंघोळीनें जाईना, आणि मंडळी चारचौघांत बसावयास नकोशी झाली. अखेर मूलद्रव्यांच्या तक्त्यावर जड द्रव्यांकडे सरकतां सरकतां ९ डिसेंबर १९२१ रोजीं शिशाचें एक तेलासारखें संयुग, टेट्राएथिल लेड, एंजिनांत घालून पाहिलें. सुमारें तेराशें भाग पेट्रोलला एक भाग पुरला. ठोका साफ थांबला. १९२३ सालच्या फेब्रुवारींत डेटनमध्येंच हें पेट्रोल विक्रीस आलें. त्याला नांव दिलें ‘एथिल’. शिसें हा शब्द नांवांत नव्हता, आणि तो चुकून गळला असें मानणें कठीण आहे.

कारण शिसें विष आहे, हें तेव्हांही कोणाला नवें नव्हतें. रोमन लोकांपासून रंगाऱ्यांपर्यंत त्याच्या बाधेचे दाखले वैद्यकांत भरलेले होते. मिज्ली स्वतः १९२३ च्या आरंभीं शिशाच्या बाधेनें आजारी पडून हवापालटासाठीं फ्लॉरिडांत गेला होता. शिवाय दुसरें औषध हाताशीं होतें: मद्यार्क. तो पुरेशा प्रमाणांत मिसळला तर ठोका थांबतो हें मिज्लीनें स्वतः दाखविलें होतें. परंतु मद्यार्क कोणाही शेतकऱ्याला गाळतां येतो. त्याचा मक्ता घेतां येत नाहीं. शिशाचा घेतां येत होता.

१९२४ सालच्या ऑक्टोबरांत न्यू जर्सींतील बेवे येथील कारखान्यांत, जेथें हें द्रव्य तयार होई, कामगार एकाएकीं भ्रमिष्ट झाले. कांहीं आरडाओरडा करीत, कांहीं हवेंतील न दिसणाऱ्या वस्तु पकडावयास धांवत. थोड्याच दिवसांत पांच जण मेले. तीसांहून अधिक लोक अत्यवस्थ झाले. डीपवॉटर येथील दुसऱ्या एका कारखान्यांत कामगारांना हवेंत फुलपांखरें दिसूं लागलीं म्हणून त्या इमारतीला फुलपांखरांचें घर म्हणूं लागले होते. वर्तमानपत्रांत एकच गिल्ला झाला. तेव्हां ३० ऑक्टोबर रोजीं मिज्लीनें बातमीदारांपुढें तें द्रव्य आपल्या हातांवर ओतून घेतलें आणि मिनिटभर त्याची वाफ हुंगून दाखविली. ज्या मनुष्यानें दाबाच्या रेघेवर विश्वास ठेवून सर्व जगाची समजूत खोटी ठरविली, त्यानेंच एका मिनिटाच्या तमाशाला पुरावा म्हणावें, हें पाहून मन खिन्न होतें. आदल्याच वर्षीं झालेला आजार तो विसरला असेल असें संभवत नाहीं.

२० मे १९२५ रोजीं वॉशिंग्टन येथें सरकारच्या मुख्य आरोग्याधिकाऱ्यानें परिषद् बोलाविली. एका बाजूला कंपन्यांचीं माणसें. त्यांच्यापैकीं एकानें या द्रव्याला ईश्वरी देणगीची उपमा दिली. दुसऱ्या बाजूला येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन आणि हार्वर्डच्या पहिल्या स्त्री अध्यापक डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं कारखान्यांतील मृत्यु दिसतात, म्हणून त्यांचा बंदोबस्त होईल. पण रस्त्यारस्त्यांवर धुराबरोबर कणाकणानें पसरणारें शिसें कोणालाच दिसणार नाहीं, आणि म्हणून तेंच अधिक भयंकर. एक समिति नेमली गेली. तिनें कांहीं महिन्यांत मोटारचालक व गॅरेजांतील कामगार तपासून जानेवारी १९२६ मध्यें निवाडा दिला कीं नियमांचें पालन झाल्यास बंदी घालण्यास पुरेसें कारण दिसत नाहीं; मात्र पुढें दीर्घकाळ तपास चालू ठेवावा. पेट्रोल पुन्हां विकूं लागलें. दीर्घकाळचा सरकारी तपास झाला नाहीं. पुढील चाळीस वर्षें बहुतेक संशोधन त्या धंद्याच्याच पैशानें चाललें.

औषध रूढ झाल्यावर मापही आलें. १९२६ सालीं ग्रॅहॅम एडगर यानें दोन शुद्ध द्रव्यें घेतलीं: आयसो-ऑक्टेन, जें जवळजवळ वाजतच नाहीं, त्याला १०० गुण, आणि हेप्टेन, जें लगेच वाजतें, त्याला शून्य. हें दुसरें द्रव्य प्रथम एका जातीच्या पाइन वृक्षाच्या राळेंतून काढीत. पेट्रोल पंपावर आज जो ऑक्टेनचा आंकडा दिसतो तो या दोन टोकांमधील.

शिशाच्या खटल्याचा फेरनिकाल एका भूगर्भशास्त्रज्ञानें लावला. क्लेअर पॅटर्सन हा पृथ्वीचें वय मोजीत होता. तें साडेचार अब्ज वर्षांहून किंचित् अधिक, हा त्याचा १९५६ सालचा निष्कर्ष आजही मान्य आहे. त्या मोजणीसाठीं त्याला खडकांतील शिशाचे सूक्ष्म अंश तपासावे लागत, आणि प्रत्येक वेळीं बाहेरचें शिसें येऊन मोजणी बिघडवी. पाण्यांत शिसें, धुळींत शिसें, त्याच्या स्वतःच्या केसांत शिसें. हें येतें कोठून याचा माग काढीत तो मोटारींच्या धुरापर्यंत पोंचला व १९६५ सालीं त्यानें तसें स्पष्ट लिहिलें. येथेंही दोष नळकांडें एकेक बंद करून पाहण्याच्या रीतीनेंच सांपडला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. तरीही कायद्याला धुरांतील इतर विषारी वायूंनीं अधिक घाई केली. ते वायू शुद्ध करणारी जी रासायनिक गाळणी १९७५ पासून अमेरिकन मोटारींना लागूं लागली, ती शिशानें निकामी होई. म्हणून शिसें काढणें भाग पडलें. तेथें रस्त्यावरील वाहनांसाठीं १९९६ पासून तें पूर्ण बंद झालें. अमेरिकन लोकांच्या रक्तांतील शिशाचें सरासरी प्रमाण १९७६ ते १९८० या काळांत शंभर मिलिलिटरला १२.८ मायक्रोग्रॅम होतें. १९८८ ते १९९१ मध्यें तें २.८ वर आलें. मुंबईसह भारताच्या चार महानगरांत बिनशिशाचें पेट्रोल १ एप्रिल १९९५ रोजीं आलें आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचें पेट्रोल थांबलें. जगांत शेवटीं तें अल्जीरियांत विकलें जात होतें. २०२१ सालच्या जुलईंत तेथेंही तें संपलें.

यानंतर जुन्या पिकअप गाड्यांना एक नवेंच दुखणें जडलें. शिशाची राख बाहेर जाणाऱ्या झडपेच्या बैठकीवर पातळ थर धरीत असे, आणि तप्त झडप त्या थरावर आपटे. थर गेला, ओतीव लोखंडाची मऊ बैठक उघडी पडली. ओझें वाहून सतत वेगानें चालणाऱ्या १९५०-६० च्या गाडींत ती बैठक झिजून झडप हळूहळू आंत रुते, फट नाहींशी होई, झडप पुरती मिटेना, आणि एंजिन लंगडूं लागे. मिस्त्री दाबाचा कांटा लावी. आंकडा कमी आला कीं नळकांड्यांत चमचाभर तेल सोडून पुन्हां पाही. आंकडा वाढला, तर कडीं झिजलेलीं. तसाच राहिला, तर झडप. इलाज एकच: डोकें उतरवून कठीण पोलादाची बैठक बसविणें.

नव्या गाड्यांत ठोका ऐकण्याचें काम माणसाकडून काढून घेतलें गेलें. १९७८ सालच्या कांहीं ब्यूक मोटारींपासून एंजिनाच्या अंगावरच एक लहानसा स्वनग्राहक बसविण्यास सुरुवात झाली. आजच्या गाडींत तो स्फटिकाचा असतो. लोखंडाचा तो विशिष्ट घंटानाद उठला कीं त्या स्फटिकांत वीज उत्पन्न होते आणि यंत्र ठिणगीची वेळ दोनचार अंश मागें ओढतें. नाद थांबला कीं पुन्हां पुढें नेतें. मॉडेल टी गाडींत सुकाणूच्या डाव्या बाजूला एक दांडी असे, आणि चढावर पत्र्यावर चणे पडूं लागले म्हणजे शेतकरी डाव्या हातानें ती किंचित् वर सरकवी. जुन्या पिकअपला हा स्फटिक नसतो आणि ती दांडीही नसते. तिच्या मालकाला गाडी थांबवून, बॉनेट उघडून, ठिणगीचा डबा बोटभर फिरवून पाहावा लागतो आणि पुन्हां तोच चढ चढून ऐकावें लागतें.